कार्टूनचा ‘खराखुरा’ सिनेमा केला की मन का भरत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात मी चित्रकला शिकवतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास शाळेला सुट्ट्या लागल्या की हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि उन्हं उतरल्यावर मुलांना सिनेमे दाखवायचे, असं गेली काही वर्षं चाललंय. एका उन्हाळ्यात मी एकाच आठवड्यात दोन ‘लायन किंग’ दाखवले. सोमवारी १९९४चा, हातानं काढलेला. शनिवारी २०१९चा, नवा. पहिल्यात छोट्या सिंबाचा बाप मुफासा पडून मेला तेव्हा हॉलमध्ये हुंदके ऐकू आले. दुसऱ्यात त्याच प्रसंगाला मागच्या रांगेतली पोरं चिंचोके काढून बसली. बाहेर पडताना पाचवीतल्या एकानं विचारलं, “सर, हाऊ सिंह रडत काबर नही?” (हा सिंह रडत का नाही?)

तेव्हापासून पालक, जुने विद्यार्थी, दुसऱ्या शाळांमधले शिक्षक, सगळेच या ना त्या शब्दांत तेच विचारतात. दरवेळी थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलं.

लाइव्ह-अ‍ॅक्शन रिमेक म्हणजे नेमकं काय?

आधी अ‍ॅनिमेशनमध्ये येऊन गेलेली गोष्ट खऱ्या नटांना घेऊन, खऱ्या दिसणाऱ्या जागांत पुन्हा सांगायची, म्हणजे लाइव्ह-अ‍ॅक्शन रिमेक. १९९६मध्ये डिस्नेनं ‘१०१ डाल्मेशियन्स’ असा करून पाहिला होता. २०१०च्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’नं जगभरात १ अब्ज डॉलर्सच्या वर धंदा केला आणि मग रांगच लागली. ‘सिंड्रेला’, ‘जंगल बुक’, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘डम्बो’, ‘अलादीन’, ‘मुलान’, ‘पिनोकियो’, ‘लिटल मरमेड’, ‘स्नो व्हाइट’.

यात एक गोम आहे. २०१९च्या ‘लायन किंग’मध्ये अगदी सुरुवातीचा सूर्योदयाचा एक शॉट सोडला तर खरं असं काहीच नाही. सिंह, गवत, धूळ, आभाळ, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. म्हणजे तोही अ‍ॅनिमेशनच झाला. त्यामुळे हा वाद खऱ्या आणि खोट्या चित्राचा मुळात नाहीच. वस्तू कशी दिसते ते एक चित्र दाखवतं, ती मनाला कशी लागते ते दुसरं. मुलांना सोमवारी जे मिळालं ते शनिवारी मिळालं नाही, ते या फरकामुळे.

पण सर, हुबेहूब सिंह दिसतो तर उलट जास्त आवडायला नको का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून उत्तरही जरा लांब देतो.

वर्गात मी फळ्यावर खडूनं सिंहाची दोन तोंडं काढतो. पहिलं खऱ्या सिंहाचं. त्याला भुवया नसतात. डोळ्यातला पांढरा भाग जवळजवळ दिसत नाही. ओठ माणसासारखे वळत नाहीत. त्यामुळे तो रागावलेला, दुःखी आणि झोपेला आलेला असा तीनदा काढला तरी तोंड तेच दिसतं. खऱ्या सिंहाचं मन कळतं ते कानांवरून, शेपटीवरून, अंगाच्या ताणावरून, आणि तेही त्याच्यासोबत राहिलेल्याला.

दुसरं तोंड १९९४च्या पद्धतीचं. त्या चित्रकारांनी खऱ्या सिंहांचा बारकाईनं अभ्यास केला होता. स्टुडिओत सिंह आणून, समोर बसून रेखाटनं केली होती. सगळं माहीत करून घेतल्यावर त्यांनी ठरवून सिंहाला भुवया दिल्या. डोळ्यात पांढरं दिलं. वडिलांच्या पंजाखाली सिंबा शिरतो तो क्षण थांबवून बघा. त्याच्या भुवयांची आतली टोकं वर चढलीत, कान मागे पडलेत, अंगच लहान झाल्यासारखं वाटतंय. फळ्यावर मी फक्त त्या भुवया काढतो, खडूच्या दोन रेघा, बाकी काही नाही. तेवढ्यावर वर्ग गप्प होतो.

नव्या सिनेमात तोच प्रसंग आहे, संवादही जवळपास तेच. आवाज रडतो आणि तोंड स्थिर राहतं. कानाला एक कळतं, डोळ्याला दुसरंच दिसतं. पाचवीतल्या पोरानं नेमकं हेच पकडलं होतं, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

जुन्या अ‍ॅनिमेशनच्या कारागिरीत याला नियमांचंच रूप आलेलं आहे. उडी मारण्याआधी अंग आधी दबतं, उडी घेताना लांबतं, खाली येताना पुन्हा चपटं होतं. रागाच्या आधी एक क्षण मागे सरकणं असतं. २४ चौकटींच्या एका सेकंदासाठी कुणीतरी १२ चित्रं, कधी २४ चित्रं काढलेली असतात आणि त्यातलं एकही निरुपयोगी नसतं. कॅमेरा समोर असेल ते सगळं टिपतो. चित्रकार हवं तेवढंच काढतो आणि जे काढतो ते जरा वाढवून काढतो. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’साठी एका नर्तकीचं खरं चित्रीकरण करून चित्रकारांनी तिच्या हालचाली अभ्यासल्या होत्या. म्हणजे खरं माणूस तेव्हाही समोर होतंच. तो कच्चा माल होता. आता त्या पक्क्या मालाचा पुन्हा कच्चा माल केला जातो आणि आपल्याला सांगतात, बघा, आता हे खरं झालं.

मग कॉम्प्युटरचं काम कमी पडतं का?

मुळीच नाही. २०१६च्या ‘जंगल बुक’ला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं आणि ते हक्काचं होतं. मोगली झालेला नील सेठी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत काम करत होता आणि पडद्यावर आपल्याला पानापानांवरचं पाणी दिसत होतं. त्या कारागिरांना माझा मनापासून नमस्कार आहे.

आमच्या चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांसाठी लांबून लोक येतात. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड नेमका टाकायचा आणि आख्खा देखावा उभा करायचा, अशी ती कला. मी मुलांना तिथे नेतो तेव्हा त्यांना आधी वाटतं, हे खऱ्या जागेचे फोटो आहेत. कळल्यावर ती तोंडात बोट घालतात, आणि तरीही फोटो आधीइतकाच आवडतो. कारण काय दाखवायचं आणि काय अंधारात ठेवायचं हे मूसबाबांनी ठरवलेलं असतं. हुबेहूबपणा त्यांच्या हाताखाली राबतो. पुष्कळ रिमेकांमध्ये हुबेहूबपणाच मालक होऊन बसतो. सिंहाच्या तोंडावर भाव आणला तर तो ‘खरा’ दिसणार नाही, म्हणून भावच काढून टाकायचा, असा उलटा हिशोब होतो.

चित्रातला हत्ती रडवतो, मग खऱ्यासारखा हत्ती का नाही रडवत?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीनं थेट अजिंठ्यात विचारला, शाळेच्या सहलीत.

१७ क्रमांकाच्या लेण्यात हत्तींच्या जातककथा रंगवल्यात. त्यातली एक मातृपोषक जातकाची. एका पांढऱ्या हत्तीला राजाची माणसं पकडून नेतात. तो अन्नाला तोंड लावत नाही, कारण त्याची आंधळी आई जंगलात एकटी राहिलेली असते. राजाला हे कळतं, तो हत्तीला सोडून देतो आणि हत्ती धावत आईकडे जातो. पाचव्या शतकातल्या या भिंती आता बऱ्याच विरल्यात, जागोजागी पोपडे गेलेत. तरी माय-लेकरांची भेट ओळखू येते. एकाची मान कुठे वळली, सोंड कुठे टेकली, तेवढ्यावरून. त्या चित्रकारांना हत्ती माहीत नव्हता असं कोण म्हणेल? हत्तींचे कळप ज्यांनी इतके डोळस रंगवले त्यांना हत्तीची नस न् नस माहीत होती. पण त्यांना हत्ती दाखवायचा नव्हता, माया दाखवायची होती, आणि त्यासाठी हत्ती हाताशी होता.

आता १९४१चा ‘डम्बो’ आठवा. आईला पिंजऱ्याच्या गाडीत कोंडलंय. गजांमधून तिची सोंड तेवढी बाहेर येते आणि पिल्लाला उचलून झोका देते. आईचा चेहरा आपल्याला नीट दिसतही नाही. दीड हजार वर्षांचं अंतर आहे, एकाला दुसऱ्याची खबर नाही, आणि दोन्हीकडे सारं काम सोंडेच्या वळणानंच केलंय.

२०१९च्या ‘डम्बो’त हा प्रसंग आहे. सोंडेवरची सुरकुती न् सुरकुती दिसते. पण डोळा त्या सुरकुत्यांतच अडकतो. त्यातून नव्या सिनेमानं पिल्लाभोवती माणसांचं एक कुटुंब आणून बसवलंय, त्यांची दुःखं, त्यांचा खलनायक. मूळ सिनेमा ६४ मिनिटांचा, आणि पिल्लू उडतं ते शेवटाकडे. नव्याला ११२ मिनिटं लागतात आणि पिल्लू फार लवकर उडतं. वाट बघायला लावली नाही तर आभाळ दिसल्याचा आनंद कुठून येणार?

त्या मुलीला मी लेण्यात एवढं सांगू शकलो नाही. मागून दुसऱ्या शाळेची रांग येत होती आणि पहारेकरी पुढे चला म्हणत होता. म्हणून ते इथे लिहितोय.

काही सिनेमांत चेहरे चक्क भीतीदायक वाटतात. तो आमचा भास असतो का?

भास नव्हे. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९७० साली यंत्रमानवांच्या बाबतीत ही गोष्ट मांडली. बाहुली माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला जवळची वाटत जाते. पण ती जवळजवळ माणूस झाली आणि किंचित चुकली की एकदम अंगावर काटा येतो. त्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात, ओळखीच्या वाटेवरची अनोळखी दरी. २०१९मध्ये ‘सॉनिक’ या व्हिडिओ गेममधल्या निळ्या प्राण्याच्या सिनेमाचा ट्रेलर आला तेव्हा त्याचे माणसासारखे दात बघून प्रेक्षक इतके बिथरले की निर्मात्यांनी प्राण्याचं रूपच बदललं आणि सिनेमा नोव्हेंबरमधून पुढच्या फेब्रुवारीत गेला.

आपल्याला हे समजायला जपानपर्यंत जायला नको. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशी घरात कानबाई देवी बसते. नारळच असतो तो. त्याला डोळे लावतो, नथ घालतो, लुगडं नेसवतो. नाकाडोळ्यांचं प्रमाण कुणी मोजत नाही. तरी सोमवारी तिला बोळवायला निघालो की माझी आई दरवर्षी डोळ्याला पदर लावते. नारळावर जेवढं कमी असतं तेवढी जागा बघणाऱ्याला मिळते, आणि त्या जागेत आई आपलं माहेर भरते. उद्या कुणी तिथे मेणाची हुबेहूब बाई आणून बसवली तर आई तिला हळदकुंकू लावील का, याची मला शंका आहे.

कार्टूनच्या चेहऱ्यात अशीच रिकामी जागा असते.

गाण्यांचं काय होतं? गाणी तर तीच ठेवतात ना?

चाली त्याच असतात, चित्र बदलतं. जुन्या ‘लायन किंग’मध्ये छोटा सिंबा राजा होण्याचं गाणं म्हणतो तेव्हा आभाळ गुलाबी होतं, जमीन निळी होते, जनावरं एकावर एक चढून मनोरा करतात. लहान पोराच्या डोक्यातलं राज्य आहे ते, त्याला जमिनीचे नियम कशाला? नव्यात दोन छावे पाणवठ्यावरच्या कळपातून पळतात. निसर्गावरच्या माहितीपटात शोभेल असं सुंदर चित्रण आहे, पण गाणं जमिनीवरच राहतं. काकाचं कटाचं गाणं तर कापून, बोलल्यासारखं केलंय. आणि रात्रीच्या प्रेमाचं गाणं चक्क उन्हात घडतं.

‘अलादीन’चा जिनही तसाच. १९९२मध्ये रॉबिन विल्यम्स बोलत सुटायचा आणि चित्रकार त्याच्या मागे धावत एका वाक्यात जिनची पाच रूपं करायचे. रेघ होती म्हणून ते शक्य झालं. विल स्मिथ गुणी आणि हसतमुख नट आहे, पण त्याला हाडं आहेत.

रंगांबद्दलही इथेच सांगतो. नवे सिनेमे खरे दिसावेत म्हणून रंग उतरवतात. जिल्ह्याच्या गावी एका टॉकीजात असा एक सिनेमा मी थ्रीडी चष्मा लावून पाहिला. चष्म्यानं उजेड अजून कमी होतो, त्यात दिवा जुना असावा. समुद्राखालचे प्रसंग म्हणजे लोडशेडिंगच. शेजारची मुलगी आईला विचारत होती, मासा कुठाय? तिकिटाचे पैसे देऊन तिला मासा दिसला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गोष्ट तीच, तर सिनेमा इतका लांब का होतो?

आकडेच बघा. ‘लायन किंग’ ८८ मिनिटांवरून ११८. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ८४वरून १२९. ‘लिटल मरमेड’ ८३वरून १३५. हातानं काढायचं तर प्रत्येक मिनिटाला शेकडो चित्रं लागतात, म्हणून आधीच गाळून घेतलेलं असायचं. शिवाय परीकथेत ‘का?’ विचारायचं नसतं. नव्या सिनेमांना मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण द्यावंसं वाटतं. आई कुठे गेली, शाप असाच का पडला. खुलासे वाढतात आणि जादू पातळ होते.

लांबीपेक्षा मला जास्त लागलं ते ‘मुलान’चं. १९९८च्या सिनेमात छावणीतल्या खांबाच्या टोकावर बाण असतो. हाताला दोन जड वजनं बांधून वर चढायचं आणि तो काढून आणायचा. दांडगे दांडगे गडी घसरून पडतात. मुलानही पडते. तिला घरी जा म्हणून सांगतात. त्या रात्री ती वजनांकडे बघते, दोन्हींचे पट्टे खांबाभोवती एकमेकांत अडकवते आणि ज्याचं ओझं होतं त्याचाच आधार करून चढते. पहाटे ती वर बसलेली असते. आमच्या मुली हा प्रसंग बघताना टाळ्या पिटतात.

२०२०च्या सिनेमातून गाणी गेली, छोटा ड्रॅगन गेला, ते मी सोसलं असतं. पण तिथे मुलानच्या अंगात लहानपणापासूनच एक दैवी शक्ती आहे. तिला ती फक्त लपवायची नाही, एवढंच शिकायचं आहे. रोज चार किलोमीटर सायकल मारून शाळेत येणाऱ्या मुलीला त्यातून काय घ्यायचं?

खरं सांगा, हे सगळं जुन्या आठवणींचं प्रेम नाही ना?

थोडं आहे, आणि ते मी लपवत नाही. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत दोनच टीव्ही होते. एक जण माळवदावर अँटेना धरून उभा, बाकीचे खाली ओरडत, “आलं, आलं, हलू नको!” त्या मालिकेचं नाव काढलं तरी मला ती सकाळ आठवते, आणि तिच्याशी कुठलाच सिनेमा बरोबरी करू शकणार नाही.

म्हणून एका वर्षी मुद्दाम उलटा क्रम लावला. ज्या मुलांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांना आधी नवा सिनेमा दाखवला. कुणी तक्रार केली नाही, गुमान पाहिला. दोन दिवसांनी जुना दाखवला, आणि मग प्रश्न सुरू झाले, “सर, त्याच्यात असं का नव्हतं?” त्यांच्याकडे आठवणी नव्हत्या, त्यांच्याकडे डोळे होते. तीन-चार मुलींना मात्र नवाच आवडला. वाऱ्यानं हलणारी आयाळ त्यांना फार भावली होती. त्यांचं म्हणणंही मी फळ्यावर लिहिलं.

इतके निराश करतात तर पैसे कसे कमावतात?

तिकीट सिनेमा बघण्याआधी काढावं लागतं. २०१९च्या ‘लायन किंग’नं जगभरात १.६ अब्ज डॉलर्सहून जास्त कमावले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘अलादीन’ आणि २०२५चा ‘लिलो अँड स्टिच’ हेही १ अब्जाच्या वर गेले. आईबापाला नाव ओळखीचं असतं, पोराला घेऊन जायला भीती नसते. निर्मात्यालाही नव्या गोष्टीपेक्षा हे सोपं. पण दरवेळी चालतंच असं नाही, २०२५चा ‘स्नो व्हाइट’ पार आपटला.

एकही जमला नाही का?

जमलेत, आणि ते का जमले हे बघण्यातच खरी मजा आहे.

‘जंगल बुक’ जमला, कारण त्यात एक जिवंत पोरगा मधोमध होता. जनावरांनी चेहऱ्यानं कमी सांगितलं तरी मोगलीचा चेहरा सांगत होता. आपल्याकडे तो अमेरिकेच्या एक आठवडा आधी लागला आणि हिंदीत शेरखानाला पुन्हा नाना पाटेकरांचा आवाज होता, दूरदर्शनच्या वेळचाच. शेरखान पहिल्यांदा बोलला तेव्हा माझ्या वयाची माणसं खुर्चीत सरसावून बसली. शिवाय गोष्टीतलं सिवनीचं रान म्हणजे आपल्या यावल-रावेरच्या डोक्यावरचा सातपुडाच, पूर्वेकडे लांबवर गेलेला. मुलांना मी नकाशावर बोट फिरवून ते दाखवतो.

२०२५मध्ये आलेला ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ही लोकांना आवडला. २०१०च्या मूळ सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी डीन डेब्लॉय यांनीच तो केला, आणि काळ्या ड्रॅगनचे ते मोठाले, मांजरासारखे डोळे तसेच ठेवले. इथे मला एक सूत्र दिसतं. सिंह आपण सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून त्याला खऱ्याचं माप लागतं. ड्रॅगन कुणी पाहिलाय? स्टिच नावाचा तो परग्रहावरचा निळा खोडकर प्राणी कुणी पाहिलाय? ज्याचा खरा नमुनाच नाही त्याला चित्रकारानं दिलेला चेहरा ठेवता येतो, म्हणून तो वाचतो.

२०१५चा ‘सिंड्रेला’ मला आवडला तो त्याच्या साधेपणामुळे. मुलीचा चांगुलपणा त्यानं चांगुलपणाच मानला.

आपल्याकडे असं झालंय का?

झालंय. ‘छोटा भीम’चा २०१२चा दम्यानच्या शापावरचा अ‍ॅनिमेशनपट २०२४मध्ये खऱ्या मुलांना घेऊन पुन्हा आला. भीमाचे जनक राजीव चिलका यांनीच तो दिग्दर्शित केला, अनुपम खेर यांच्यासारखा मुरलेला नट होता, तरी पोरांना ओढ लागली नाही. कार्टूनमधला भीम लाडू खातो तेव्हा त्याचे दंड टरारून फुगतात, आणि आमची बालवाडीची पोरंसुद्धा दंड दाखवतात. खऱ्या मुलानं लाडू खाल्ला तर तो लाडू खाल्लेला मुलगा असतो. त्या लेकराचा त्यात काय दोष?

‘आदिपुरुष’ रिमेक नव्हता, पण पालक तोही विषय काढतातच. त्याच्या टीझरवर २०२२मध्ये टीका झाली, प्रदर्शन पुढे गेलं, २०२३च्या जूनमध्ये तो आला आणि लोक नाराजच राहिले. १९९२चा जपानी-भारतीय अ‍ॅनिमेशनपट ‘रामायण’ मात्र, युगो साको आणि राम मोहन यांचा, २०२५च्या जानेवारीत पुन्हा थिएटरात लागला. त्यातला राम रेघांचा आहे, त्याचे पाय जमिनीला हळुवार टेकतात. माझ्या आईनं तो मोबाइलवर बघितला आणि मध्ये एकदा हात जोडले.

मालेगावच्या सिनेमांना रिमेकच म्हणायचं ना? ते का आवडतात?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी उभं राहून शाबासकी दिली. मालेगाव खान्देशच्या उंबऱ्यावरचं गाव. तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी ‘मालेगाव के शोले’ केला. डाकूंना घोडे परवडणारे नव्हते, म्हणून ते सायकलवर आले. पुढे सुपरमॅनही मालेगावचा झाला. मूळ सिनेमा कार्टून नसला तरी धडा तोच आहे. त्यांनी नक्कल करताना आपल्याकडे काय नाही ते आधी ओळखलं आणि त्या जागी आपलं काहीतरी आणलं. डिस्नेजवळ सगळंच आहे, म्हणून कदाचित त्या जागी काय आणायचं हा प्रश्नच तिथे पडत नसावा.

जपानी अ‍ॅनिमेचं काय?

तिथेही तेच. २००९चा ‘ड्रॅगनबॉल’ आणि २०२१ची ‘काउबॉय बीबॉप’ मालिका लोकांनी नाकारली. २०२३ची ‘वन पीस’ आवडली. तिच्या निर्मितीत मूळ चित्रकथाकार एइइचिरो ओदा स्वतः होते आणि रंग, केस, हातवारे यांचा भडकपणा तसाच ठेवला होता. यातलं मला माझे विद्यार्थी शिकवतात, म्हणून जास्त बोलत नाही.

मुलांना आधी कोणता दाखवावा?

जुना आधी. दोन्हींच्या मध्ये निदान आठवडा जाऊ द्या. हिंदीतून दाखवा, लहानग्यांना खालची अक्षरं वाचता येत नाहीत. आणि नवा बघताना शेजारी बसून ‘जुन्यात असं होतं’ म्हणू नका. त्यांचं त्यांना दिसू द्या.

हे मुलांना घरी समजावण्यासारखं काही आहे का?

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांना एक जुना सराव देतात, अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याचा. आपल्या घरी दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, पिठाची कापडी पिशवी असतेच. तोंड बांधून ती ओट्यावर ठेवा. चार कोपरे आणि मधलं पोट, बस्स. डोळे, तोंड काढायचं नाही, आणि कागदावर ती पिशवी आधी खुशीत, मग घाबरलेली, मग झोपलेली काढायची. पहिल्या दहा मिनिटांत पोरं म्हणतात, जमत नाही. मग एखादं पोरगं स्वतः उठून उभं राहतं, खांदे पाडून बघतं, आणि पिशवीचे वरचे कोपरे पाडतं.

सातवीतल्या एका मुलीनं दोन पिशव्या काढल्या होत्या. एक मोठी, रस्त्यानं पुढे झुकून चाललेली, एक कोपरा मागे वळवलेला. दुसरी छोटी, भिंतीला टेकलेली. मी विचारलं, ही कोण? ती म्हणाली, “आई ऊसतोडीला चालली.” मग शेजारणीकडून खोडरबर मागून घेतलं आणि छोटी पिशवी अजून थोडी झुकवली.